भावकीचे कागद

आमच्या तारकर्लीत पूर्वी वंशावळीची गरज वर्षातून एकदा पडायची, पितृपक्षात. म्हाळाला भटजी बाप, आजोबा, पणजोबा अशी तीन नावं विचारत. पणजोबापाशी घरचा म्हातारा अडला तर पडवीतून कुणीतरी नाव पुरवायचं आणि विधी पुढे चालायचा. चौथ्या पिढीशी कुणाचं कामच नसायचं. आता वंशावळ बारा महिने लागते. सातबाऱ्यावर वारस चढवायला तलाठी मागतो. राखीव जागेवर प्रवेश घेतलेल्या मुलीकडे जातपडताळणी समिती मागते. मुंबईत गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज केला तर तिथेही वारस सिद्ध करावे लागतात. आणि किनाऱ्यालगतची जागा बघायला आलेल्या माणसाचा वकील तर पहिल्याच भेटीत मागतो. एमटीडीसीने इथे पर्यटक निवास उभारलं, मागोमाग हाऊसबोटी आल्या, स्कूबा डायव्हिंग आलं, आणि ज्या वाळूत माडाशिवाय फारसं काही उभं राहत नव्हतं तिला गुंठ्यावर भाव आला. तेव्हापासून आमच्या भावकीला आपले पूर्वज आठवू लागले.

मी इथली सून, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. मोडी वाचता येते म्हणून वाडीतली माणसं प्लास्टिकच्या पिशवीत कागद घालून माझ्याकडे येतात. कागद वाळवीने खाल्लेले असतात, खाऱ्या हवेने चिकटलेले असतात, आणि घेऊन येणाऱ्याला वाटत असतं की यात कुठेतरी आपल्या घराण्याचा इतिहास लिहिलेला आहे. तसा तो कुठेच लिहिलेला नसतो. कुणी सारा वसूल करायला लिहिलेलं असतं, कुणी मेलेल्यांची मोजदाद करायला, कुणी आपला यजमान दुसऱ्या उपाध्यायाकडे जाऊ नये म्हणून. नाती त्यात ओघाने येतात. म्हणून समोर कागद आला की मी आधी एवढंच विचारते, हा कुणी आणि कशासाठी लिहिला असेल? ते उमगलं की त्यात काय मिळेल आणि काय मिळणारच नाही, हे कळतं. निम्मी अडचण तिथेच सुटते.

त्याच्याही आधी पाहायचं ते राज्य. तारकर्ली म्हणजे कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामध्ये दक्षिणेकडे निमुळती होत गेलेली वाळूची पट्टी. टोकाला देवबाग, तिथे नदी समुद्राला मिळते. उत्तरेला सहा-सात किलोमीटरवर मालवण, आणि मालवणासमोर पाण्यात सिंधुदुर्ग. शिवाजी महाराजांनी १६६४ च्या नोव्हेंबरात कुरटे बेटावर त्याचं बांधकाम सुरू केलं. पुढे हा मुलूख कोल्हापूरच्या छत्रपतींकडे राहिला. १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेऊन त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव दिलं, पण तो परत कोल्हापूरकडे गेला. १८१२ च्या तहात मालवण इंग्रजांना मिळालं ते कायमचं. त्यानंतर रत्नागिरी जिल्हा, आणि १ मे १९८१ पासून सिंधुदुर्ग जिल्हा, मुख्यालय ओरोस. म्हणजे माणसं एकाच वाडीत राहिली तरी त्यांचे कागद तीन ठिकाणी पांगले. १८१२ च्या आधीचं काही शोधायचं तर कोल्हापूरच्या पुरालेखागाराकडे वळायचं, मधल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांसाठी रत्नागिरीकडे, अलीकडच्यासाठी मालवणच्या तहसीलकडे. लोक ओरोसला जाऊन शंभर वर्षांपूर्वीचा कागद मागतात आणि 'रेकॉर्ड नाही' ऐकून घरी येतात. रेकॉर्ड असतं, पण ते त्या काळच्या सरकारच्या ठिकाणी असतं.

माझं माहेर वालावल. त्याच कर्लीच्या काठावर, होडीने गेलं तर वाटेत सरहद्द लागली असं कुणाच्या मनातही येणार नाही. पण वालावल, नेरूर, पाट ही गावं १९४८ पर्यंत सावंतवाडी संस्थानात होती आणि तारकर्ली ब्रिटिश मुलखात. नदीच्या दोन्ही काठांवर पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी होत आल्या. आजेसासूबाईंचं माहेर शोधताना मालवणच्या दप्तरात काही मिळत नाही, याचं कारण ती दुसऱ्या राज्यातून आलेली असते. दक्षिणेला आणखी पुढे गेलं की गोवा, तिथे कागदाची भाषाच पोर्तुगीज. ज्यांचं कुलदैवत गोव्यात आहे अशी घरं आमच्या तालुक्यात पुष्कळ आहेत. सोळाव्या शतकात तिथे देवळं पाडली गेली, १५६० मध्ये धर्मन्यायालय आलं, त्या काळात देवही हलले आणि माणसंही. म्हणून घर कुठून आलं हे कुणाला सांगता येईनासं झालं, की वर्षासनाचा नारळ कुठे जातो ते मी विचारते. घराची कुळकथा बदलते, नारळाची वाट सहसा बदलत नाही.

कुळकथेचं काय करायचं, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. 'आमचो मूळपुरुष किल्लो बांधूक इल्लो' असं आमच्या वाडीत निदान चार घरं सांगतात. आला असेलही. किल्ल्याला माणसं लागली होती आणि ती कुठून तरी आलीच. पण १६६४ पासून आपल्या पणजोबापर्यंत मध्ये निदान सात-आठ पिढ्या बसतात आणि सांगणारा दोन-तीन नावांत तिथे पोचतो. मी अशी कथा खोडत नाही. वहीत ती वेगळ्या पानावर, कुणी सांगितली त्याच्या नावासकट लिहून ठेवते, आणि वंशावळीच्या पानावर फक्त कागदाने किंवा दोन वेगळ्या घरांच्या आठवणीने जुळलेली नावं घेते.

आठवणीलाही मी कमी लेखत नाही. गावऱ्हाटीत ज्या गोष्टीवरून दर वर्षी वाद होऊ शकतो ती गोष्ट गाव अचूक लक्षात ठेवतं. जत्रेत आधी मान कुणाचा, शिमग्यात पालखी आधी कुणाच्या खळ्यात, गाऱ्हाण्याला पुढे कोण उभा राहणार, यावरून थोरली पाती कुठली आणि धाकटी कुठली हे सरळ वाचता येतं. सातबाऱ्यावर दोन भाऊ शेजारी-शेजारी लिहिलेले असतात, कोण मोठा ते कळत नाही. देवळात ते कळतं. ज्या घरात पुढे कुणी उरलं नाही त्या घराचीही देवाच्या कामात आठवण ठेवतात, निर्वंशाच्या नावाने काहीतरी बाजूला काढतात. सरकारी दप्तरात त्या घराचं खातं दुसऱ्याच्या नावावर चढलं की ते घर संपतं.

आता जमिनीचे कागद. बहुतेक जण मूळपुरुषापासून खाली यायला बघतात. मी आजच्या सातबाऱ्यापासून मागे जाते. नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक असतो. तो फेरफार काढायचा. वारसाचा असेल तर त्यात मयत कोण, केव्हा वारला, मागे कोण राहिलं, त्यांचं नातं आणि बहुधा वयही असतं. त्या मयताचं नाव ज्या फेरफाराने चढलं होतं तो शोधायचा. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यात कमी झालेल्या नावाला कंस केलेला असतो. ज्याला कंस आहे तो आपल्या कामाचा माणूस. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी १९०३ च्या कायद्याने सुरू झाली, त्यामुळे फेरफारांची ही साखळी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांपर्यंत नेते. त्यामागे पाहणीची जुनी पत्रकं आणि मग मोडी.

यात लोकांना सगळ्यात जास्त चकवतात ती आद्याक्षरं. 'अ. पा. क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. पोर लहान होतं आणि आई किंवा चुलता त्याच्या वतीने उभा होता. ज्याचं नाव 'अ. पा. क.' नंतर येतं तो बाप असेलच असं नाही, पण लोक त्याला बाप धरून वंशावळ काढतात. 'भ्र.' म्हणजे भ्रतार, पुढे नवऱ्याचं नाव. जुन्या कागदात 'बिन' असेल तर अमक्याचा मुलगा, 'कोम' असेल तर अमक्याची बायको. आणि 'ए. कु. मॅ.', एकत्र कुटुंब मॅनेजर. सरकारला सारा एका माणसाकडून हवा होता, म्हणून थोरल्या भावाचं नाव लागलं. बाकीचे भाऊ त्याच घरात जेवत होते, त्याच जमिनीत राबत होते, पण कागदावर ते नाहीत. दोन पिढ्यांनी थोरल्याचे नातू म्हणतात, जमीन आमच्या आजोबाची. कागदही तेच म्हणतो. फक्त ती तीन अक्षरं सांगतात की तो मालक नव्हता, कारभारी होता.

आमच्याच भावकीत हे घडलं. एक धाकटा भाऊ तरुणपणी आगबोटीने मुंबईला गेला आणि गिरणीत लागला. गावी येणं कमी झालं, मग थांबलं. त्याच्या नातवंडांनी जागेचे भाव ऐकून पत्र पाठवलं तेव्हा इथल्यांचं उत्तर ठरलेलं होतं: 'तो आमच्यातलो न्हय.' सातबाऱ्यावर त्याचं नाव कधीच नव्हतं, थोरल्यापुढे 'ए. कु. मॅ.' मात्र होतं. सापडला तो त्र्यंबकेश्वरी. आमच्याकडचे लोक नारायण नागबळीला तिथे जातात, आणि तिथल्या उपाध्यायांच्या वह्यांत गाव आणि आडनावावरून घरं लावलेली असतात. येणाऱ्याने स्वतःचं, भावांचं, मुलांचं, चुलत्यांचं नाव लिहून खाली सही किंवा अंगठा करायचा. उपाध्यायाला उद्या या घरातला कुणीही आला तरी तो आपलाच यजमान असं दाखवायचं असतं, म्हणून तो एकही भाऊ सोडत नाही. सारा घेणाऱ्याला एक भाऊ पुरतो, दक्षिणा घेणाऱ्याला सगळे हवे असतात. थोरल्याने स्वतःच्या हाताने धाकट्याचं नाव तिथे लिहून ठेवलं होतं. हरिद्वारच्या पंड्यांच्या अशाच वह्यांची अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ संस्थेने सूक्ष्मचित्रं घेऊन ठेवली आहेत, एवढं त्यांचं मोल. आमच्या घरात मात्र त्या पानाच्या झेरॉक्सने कुणालाच आनंद झाला नाही. वाटेकरी वाढला.

मुंबईचा धागा कोकणातल्या प्रत्येक घराला आहे. गिरणगाव रत्नागिरी जिल्ह्याने भरलं, आणि तेव्हा आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातच होतो. तिकडचे कागद वेगळे: गिरणीचं तिकीट, भविष्य निर्वाह निधीची चिठ्ठी, कामगार विम्याचं कार्ड, गावकऱ्यांच्या खोलीतली वर्गणीची वही. १ जानेवारी १९८२ ला गिरणीच्या पटावर असलेल्या कामगारांना किंवा त्यांच्या वारसांना घरं द्यायची योजना आली तेव्हा ट्रंकेच्या तळातली ही कार्डं वर आली. वर्गणीच्या वहीला मी फार मानते. गावात नाव 'बाबलो' असलेला माणूस तिथे खऱ्या नावाने, वाडीसकट, शेजाऱ्यांच्या साक्षीने लिहिलेला असतो. चार आणे कुणाचे जमा झाले यावर भांडण होऊ नये, म्हणून.

नावांचा गोंधळ हा आमच्याकडचा जुना रोग. आजोबाचं नाव नातवाला ठेवायचं, म्हणून एकाआड एक पिढी तेच नाव. नावं बदलून एक गोष्ट सांगते. शेजारच्या घरात बाबाजी विठू, त्याचा मुलगा विठू बाबाजी, त्याचा पुन्हा बाबाजी विठू. मालवणच्या दप्तरात बाबाजी विठू याच्या नावाचे दोन व्यवहार सापडले, मधलं अंतर बेचाळीस वर्षांचं. घरच्यांनी एकच माणूस धरला होता आणि त्यामुळे दोन अख्ख्या पिढ्या गळाल्या होत्या. गाठ सुटली ती बायकांच्या नावांनी. पहिल्या बाबाजीमागे वारस म्हणून आलेली विधवा एका नावाची, दुसऱ्यामागची दुसऱ्याच नावाची, आणि दोघींच्या वारसनोंदीत मुलांची नावंही निराळी. तेव्हापासून एकाच नावाचे दोन पुरुष दिसले की मी आधी त्यांच्या बायका वेगळ्या करते. पुरुषांची नावं घरात फिरत राहतात, सुना मात्र प्रत्येक पिढीत नव्या घरातून येतात.

जन्ममृत्यूच्या नोंदीसाठी गाव नमुना चौदा, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती कुणबी नोंदी शोधू लागली तेव्हा हे नाव वर्तमानपत्रांत रोज येऊ लागलं आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम दिवस चांगले आले. त्यात बापाचं नाव, जात, तारीख, मरणाचं कारण मिळतं. पण नोंद करायची ती किती जन्मले आणि किती, कशाने मेले हे सरकारला कळावं म्हणून. पोर बारशाच्या आधीच लिहिलं जायचं, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी नुसतं 'अमक्यास मुलगी'. आपल्या आजीची नोंद शोधणाऱ्याने तिचं नाव शोधूच नये. तिच्या बापाचं नाव आणि अंदाजे साल घेऊन जावं, आणि भावंडांचा क्रम लावून कुठली मुलगी ती ठरवावं. जन्ममृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा, अमलात आला १ एप्रिल १९७० ला. त्याआधीचं सगळं कोतवाल बुकावर आणि शाळेवर.

शाळेच्या जनरल रजिस्टरला जातपडताळणीत फार वजन. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, आणि आमच्या भंडारी घरांत असा पुरावा बहुधा आजोबाच्या दाखल्यावरच मिळतो: 'हिंदू भंडारी'. जातीसाठी ते रजिस्टर पक्कं, जन्मतारखेसाठी कच्चं. वर्गात मुलांची ओळ लावली तर निम्म्यांचा वाढदिवस १ जून निघायचा. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि गुरुजींना पोर सहा वर्षांचं झालेलं दाखवायचं असायचं. खरं वय हवं तर म्हातारीला साल विचारायचं नाही. मुंबईला पहिला प्लेग आला तेव्हा, म्हणजे १८९६ ला, अमका रांगत होता का? १९१८ च्या साथीत कोण कोण गेलं? 'रामदास' बोट बुडाली तेव्हा, म्हणजे १७ जुलै १९४७ ला, तुझं लग्न झालं होतं का? उत्तरं पटापट येतात आणि एकमेकांना ताडून बघता येतात.

मोडी कागदात कालगणनाही वेगळी. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे सगळ्यांना ठाऊक असतं. अडतं ते सुहूर सनापाशी, कारण तिथे आकडा अरबी शब्दांत असतो. 'खमस सबैन मया व अलफ' म्हणजे पाच, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७५. हे वर्ष मृगापासून सुरू होतं, म्हणून डिसेंबरपर्यंतच्या तारखेला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून ६००. आला १७७४-७५. तारखेआधीचा 'छ' म्हणजे चंद्र, पुढे हिजरी महिना. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि शब्द तोडून लिहायची रीत नाही, म्हणून सुरुवातीला नावं वाचण्यापेक्षा आडनाव आणि गाव हुडकावं, बाकीचं हळूहळू उलगडतं. पुरालेख खात्यातर्फे मोडीचे वर्ग होतात. वाडीतल्या एखाद्या तरुणाने तरी ती शिकावी, माझ्यानंतर पिशव्या कुठे नेणार?

ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती त्यांचं सगळ्यात कठीण. किनाऱ्यावरची मासेमार आणि खलाशी घरं सातबाऱ्यावर दिसत नाहीत. त्यांच्याबाबत कर कशावर होता ते पाहायचं. होडीवर नोंद होती: १८३८ च्या कोस्टिंग व्हेसल्स ॲक्टने मुंबई इलाख्यातल्या बंदरांतल्या होड्यांवर नाव आणि क्रमांक घालणं आणि मालकाची नोंद करणं आलं. माडी काढणाऱ्यांना १८७८ च्या अबकारी कायद्याने परवान्यात बांधलं. घरात जपून ठेवलेला असा परवाना निघाला तर जमीन नसलेल्या भंडाऱ्याचं नाव, गाव आणि साल तिथे मिळतं. मोठ्या जहाजांवर गेलेल्यांसाठी मुंबईला मशीद बंदराजवळ इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांची नावं कोरलेली आहेत. ज्या घरात 'पणजो बोटीवर गेलो तो परत इलोच नाय' एवढंच सांगतात, त्या घराने ती यादी एकदा वाचावी.

शिरगणतीच्या भरवशावर मात्र कुणी राहू नये. इंग्लंडमध्ये १९२१ च्या जनगणनेची घराघरांची पानं शंभर वर्षांनी, २०२२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. आपल्याकडे १९४८ चा जनगणना कायदा माणसामाणसाची नोंद कुणालाच पाहू देत नाही. मतदारयाद्या खुल्या आहेत, पण पहिल्या निवडणुकीच्या वेळी देशभरात सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून वगळावी लागली, कारण त्यांनी अमक्याची आई, तमक्याची बायको याशिवाय नाव सांगितलं नाही. त्यात उत्तरेकडच्या प्रांतांतल्या बायका जास्त होत्या, पण मला ते वाचून नवल वाटलं नाही. सासरी मला सगळ्या घराने वर्षानुवर्षं 'वालावलकरीण' म्हटलं. सासूबाई 'आचरेकरीण', त्यांच्या जाऊबाई 'पेंडुरकरीण'. पाळण्यातलं नाव माहेरी राहिलं, लग्नातलं नाव लग्नातच राहिलं. शोधणाऱ्याला याचा एक फायदा आहे. बाईचं नाव हरवलं तरी तिचं गाव सापडतं.

बायका कागदावर यायला लागल्या त्या कायद्याने. १७ जून १९५६ ला हिंदू वारसा कायदा आला आणि त्यानंतरच्या वारस फेरफारांत मुली दिसू लागल्या. त्याआधीच्या फेरफारात चार मुलगे असतील तर घरात मुलगी झालीच नाही असं समजू नये. महाराष्ट्रात २२ जून १९९४ पासून आणि देशात २००५ पासून मुली वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीने आल्या, तेव्हा तर भावांना त्यांची गाठच घ्यावी लागली. गाठ कशासाठी? हक्कसोड पत्रासाठी. गंमत अशी की बहिणींचा वाटा ज्या कागदाने सुटतो, त्याच कागदाइतकी त्यांची नेटकी नोंद दुसरीकडे कुठेच नसते: माहेरचं नाव, सासरचं नाव, वय, गाव, फोटो, अंगठा. आमच्या भावकीतल्या कितीतरी आत्यांचे पत्ते मला अशा पत्रांतूनच मिळाले.

पुतण्याच्या मुलीच्या पडताळणीसाठी वंशावळीचं शपथपत्र मीच तयार करून दिलं. त्यात बापाकडून वर जाणारी एकच ओळ लागते. तिची आई, आजी, पणजी यांना तिथे जागा नाही, आणि त्या ज्या घरांतून आल्या ती घरं तर समितीच्या हिशेबी परकीच. माझ्या स्वतःच्या जातीचा पुरावा मागितला तर मलाही तारकर्लीचा एक कागद चालणार नाही, वालावललाच जावं लागेल. समितीचं यात काही चुकत नाही. तिला जात तपासायची आहे, तेवढंच ती विचारते. तलाठ्याला खातेदार हवा, वकिलाला सही करणारा, उपाध्यायाला यजमान. प्रत्येक जण आपल्या कामापुरतं घराणं लिहितो.

आपल्या कामाचं आपणच लिहायला हवं. आमच्या भावकीची वही मी नव्याने केली तेव्हा प्रत्येक नावापुढे चार रकाने आखले: हाक मारायचं नाव, माहेर किंवा सासरचं गाव, कोणी सांगितलं, कुठल्या कागदाशी जुळलं. मुली मुलांच्या ओळीतच आहेत, जन्माच्या क्रमाने. मुंबईचा धाकटा भाऊही आपल्या जागी आहे आणि त्याची नातवंडंही. चुलत दिराने वही चाळली आणि म्हणाला, 'गे वैनी, ह्यातला अर्धा खयच्याच हापिसात लागाचा नाय.' मी म्हटलं, म्हणूनच आधी तेच लिहून घेतलं. हापिसात लागणारं हापिसं लिहून ठेवतातच. या पितृपक्षात सगळे जमले की प्रत्येक घराने आपल्या म्हाताऱ्या माणसापाशी बसून आपलं पान पुरं करायचं ठरलं आहे, पेनाने, तारीख घालून, आणि ज्याला आठवत नाही त्याने 'आठवत नाही' असं लिहून.